एका म्यूटच्या बटणासाठी

...नाही, मला सांगा, पोपटात माणसाने बघायचं तरी काय? एक पोपट असता तर बघितलाही असता, पण दुकानाची अख्खी भिंत भरून टीव्ही, प्रत्येक टीव्हीवर तोच पोपट, सगळे एकदम मान वाकडी करतायत, आणि तो टायवाला विक्रेता मला विचारतोय, "मॅडम, फरक जाणवतोय ना?" फरक! अहो, माझ्या कडेवर वर्षाची व्हायला आलेली मुलगी, खांद्यावर तिच्या लाळेचा नकाशा, कित्येक महिने सलग झोप नाही, त्या क्षणी मला पोपटात आणि आमच्या नवऱ्यातसुद्धा फरक जाणवत नव्हता, कारण दोघांचेही डोळे सारखेच गोल झाले होते!

आणि हे सगळं कशासाठी? तर एका म्यूटच्या बटणासाठी!

थांबा, तुम्हाला नीट पहिल्यापासून सांगते. आमच्या मुलीला घरात टिटवी म्हणतात. खरं नाव छान आहे हो, मीच पुस्तकं धुंडाळून ठेवलंय, पण ते हाक मारायची वेळच येत नाही, कारण हाक मारायची म्हणजे आवाज करायचा, आणि आवाज केला की टिटवी जागी होते. जागी होते म्हणजे कशी... भोकाड! तळमजल्यावर गॅरेज आहे, तिथे गाड्यांचे पोचे ठोकतात, त्यावर आमची बेडरूम, म्हणून पाळणा हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये कोण? टीव्ही! मग काय, मी घरात कायदाच केला. बेलमध्ये कापूस. मिक्सर बंद, चटण्या बंद. सासरे, म्हणजे आमचे बाबा, शिंक आली की उशी घेऊन गॅलरीत पळतात. एकदा उशी सापडेना तर मोठा माणूस नाक धरून, डोळ्यांत पाणी आणून हॉलमध्ये गोल गोल फिरत होता, आणि मी... मी त्यांना बोट दाखवून "शू" केलं! सासऱ्यांना! नणंद एकदा दोन दिवस राहायला आली आणि जाताना दारात कुजबुजली, "वहिनी, तुझं घर फार छान आहे गं, अगदी वाचनालय." तिचं हसून झालं, पण मला तो शब्द लागला. कारण मला तीच भीती होती. मूल सगळ्यांनाच होतं, पण मुलासाठी अख्ख्या घराची वाचा कोण बसवतं? बरी आई असते का अशी? का नुसतीच घाबरट असते? पण नाही झोपली तर? तिची झोप झाली नाही, वाढ खुंटली, डॉक्टर म्हणाले "काय हो, तुम्ही काय करत होतात?" तर?

तर टीव्ही म्यूटवर. बाबा बातम्या नुसत्या बघायचे, खालची पट्टी वाचायचे आणि खिन्न व्हायचे. पण सासूबाईंची संध्याकाळची मालिका? तिला खाली पट्टी नाही. आईंनी दोन दिवस नुसते हलणारे ओठ बघितले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच बोलायला लागल्या. हळूच, पाळण्याची दोरी हातात धरून, सगळ्यांचे संवाद! "हा म्हणतोय, मला माफ कर. ती म्हणते, आता फार उशीर झाला. हा म्हणतो, अगं पण ऐक तरी..." आधी आम्ही हसलो. मग बाबा खुर्ची जवळ ओढून बसायला लागले. मग ऑफिसातून आल्यावर नवरा विचारायला लागला, "आई, काल तो मिशीवाला काय म्हणाला?" खोटं कशाला बोलू, मीसुद्धा भाजी निवडायची ती हॉलमध्येच. आईंच्या मालिकेतली सासू म्हणजे देवमाणूस हो! सारखी सुनेला म्हणायची, "सूनबाई, दमलीस गं, तू बस, मी बघते." मी मेथी निवडता निवडता मनात म्हणायची, बघा, असं असावं माणसाने.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना रिमोटचं म्यूटचं बटण गेलं. वर्षभर रोज दाबून दाबून त्यावरचं चित्र तर केव्हाच पुसलं होतं, आता ते आतच रुतलं. दाबलं की नाही, कळेना. टीव्ही लावला की आधी एक जाहिरात गर्जना करून जायची, टिटवी दचकायची, भोकाड, मग मी, मग दोरी, मग फेऱ्या. मी म्हटलं, "नवा रिमोट आण." एवढंच म्हटलं! यात काही चूक आहे का? तर नवऱ्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की लग्नातही पडला नव्हता. म्हणाला, "या जुन्या टीव्हीला आता रिमोट मिळणार नाही. टीव्हीच घेऊ. आणि टीव्ही घेतोयच तर मग साउंडपण..." ऐका, ऐका! आवाज बंद होत नाही म्हणून आवाजाचं दुकान! बटण सापडलं म्हणून कोट शिवणारे ऐकले होते, आमच्याकडे बटण हरवलं म्हणून कोट, पँट आणि वर पाच स्पीकर!

पाच नाही, चुकले मी. पाच पॉइंट एक! "अगं, फाइव्ह पॉइंट वन म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवुफर, घुमवायला." मग सहा म्हण ना! स्पीकर कधी दशांश चिन्ह लावून विकतात का? पण हा माणूस कानात इअरफोन घालून किती दिवस कुठल्या कुठल्या परदेशी लोकांचे व्हिडिओ बघत होता देव जाणे, भाजी आणायला पाठवला तर कोथिंबीर विसरतो, पण कुठल्या पडद्याचा काळा रंग जास्त काळा आहे ते तोंडपाठ! मला म्हणतो, "खरा काळा बघायचाय का तुला?" म्हटलं, आरशात बघते ना रोज, डोळ्यांखाली.

तर मंडळी, आम्ही सगळे दुकानात. पोपट झाला. मग त्या टायवाल्याने आम्हाला काचेच्या खोलीत नेलं, सोफ्यावर बसवलं, म्हणाला, "आता अनुभव घ्या." आणि लावली की हो कसली तरी समुद्रातली लढाई! जहाजं फुटतायत, तोफा उडतायत, मागून गोळा येतोय, पुढे जाऊन आदळतोय, माझे दात वाजले, नवरा छातीवर हात ठेवून म्हणतो, "इथे जाणवतं बघ, इथे!" मला काय जाणवणार, मी टिटवीचे दोन्ही कान झाकून बसलेले, आता उठेल, आता उठेल... आणि आई? सवयीने माझ्या शेजारी टेकून, टिटवीच्या पाठीवर हात ठेवून सुरूच! "हा म्हणतोय, अहो, जहाज माझं आहे. तो म्हणतो, असू दे तुझं, आधी पोरांना उतरव..." आणि टिटवी झोपली. ऐकताय का? तोफांमध्ये झोपली! मान टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ!

तुम्हाला वाटेल मी खूश झाले. छे! माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हिला ऐकू येत नाही! लढाई थांबल्यावर पर्सची चेन उघडली, रुमाल काढायला, तर एवढ्याशा आवाजाने पोरीने पापणी हलवली. म्हणजे कान शाबूत. मग दुसरा विचार, तो जास्त वाईट. म्हणजे इतके महिने मी उगीचच...? बेलमधला कापूस, बाबांची उशी, चटण्या...? नवऱ्याने बरोबर तो क्षण पकडला. "बघ! तिला आवाज चालतो! घाबरतेस ती तूच." मी म्हटलं, घ्या. घ्या हो काय घ्यायचं ते, मला काहीच कळत नाही. तर तो खरंच सगळं घेऊन आला!

दुकानात पैसे भरताना एकट्या बाबांनी एकच प्रश्न विचारला. "याला आवाज बंद करायचं बटण कुठाय?" टायवाला हसला. "सर, लोक मोठा करायचं विचारतात! आणि याला बटणांची गरजच नाही, हे सगळं ऐकतं." बाबा म्हणाले, "आमच्या घरी ऐकणारं असं कोणीच नाही, बरं होईल." आम्ही हसलो. हसलो हो! तिथेच थांबायला हवं होतं.

मग बसवणारा आला, भिंतीला भोकं पाडून गेला, तेवढा वेळ मी पोरीला घेऊन जिन्यात. परत येऊन बघते तर टीव्ही एवढा मोठा की घड्याळ आणि लग्नाचा फोटो दोन्ही उतरवलेले. मागचा एक स्पीकर बरोबर पाळण्याच्या वर, टेहळणी करत असल्यासारखा. आणि तो वुफर कोपऱ्यात, माठाएवढा. संध्याकाळी सगळे आंघोळी करून बसले, नाटकाला बसतात तसे. टिटवी पाळण्यात. मी मनाशी घोकतेय, तिला आवाज चालतो, घाबरते ती मीच, तिला आवाज चालतो...

आणि मालिका सुरू झाली. आवाजासकट. वर्षभरात पहिल्यांदा. ती देवमाणूस सासू पडद्यावर आली, हाताएवढी नथ, आणि पाच बाजूंनी म्हणाली, "या घरात एक तर ती राहील, नाही तर मी! दुधात काय घालायचं ते मला चांगलं कळतं!"

शांतता. म्हणजे आमच्यात. स्पीकर गरजतच होते.

बाबा आईंकडे बघतायत, नवरा आईंकडे बघतोय. मी कुणाकडेच बघत नाहीये. बाबा म्हणाले, "अगं, ही तर सुनेला विष घालतेय." आई म्हणाल्या, "ओठ तसेच हलत होते." बाबा म्हणाले, "आणि तो मिशीवाला? सुनेचा दुरावलेला बाप?" तेवढ्यात मिशीवाला स्वतःच म्हणाला की मी वकील आहे आणि माझी फी बाकी आहे. "वकील!" बाबा उठून उभेच राहिले. "त्याच्यासाठी मी रडलोय! गॅलरीत जाऊन रडलोय, आवाज नको म्हणून!" आणि आईंनी पाळण्याची दोरी सोडली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच.

आणि टिटवीने उघडलं!

असं भोकाड की वुफर लाजला. मी उचलली, फिरवली, थोपटली. छे! "आवाज बंद करा!" नवरा रिमोट चाचपतोय, रिमोट कसला, साबणाची झिजलेली वडी, त्यावर बटणंच नाहीत! म्यूटचं तर नाहीच नाही! "अगं, याला सांगावं लागतं," म्हणतो आणि रिमोट तोंडाशी धरून कुजबुजतो, "आवाज बंद." टीव्ही म्हणतो, "माफ करा, ऐकू आलं नाही. कृपया मोठ्याने बोला." याच्यासाठी, मंडळी! याच्यासाठी! शेवटी नवरा बेंबीच्या देठापासून ओरडला, "आवाज बंद!" तेव्हा झाला एकदाचा.

अगदी टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. माझी लाडकी, वर्षभर सांभाळलेली शांतता. आणि त्या शांततेत पोरगी आणखी जोरात! तोफांत झोपली, शांततेत रडतेय, मग हिला हवंय तरी काय? मी बघितलं तर ती वळून वळून आईंकडे बघतेय. आईंच्या ओठांकडे. आणि मला ते दुकान आठवलं, ते जहाज, "आधी पोरांना उतरव"... अहो, शांततेने कधी झोपलीच नव्हती ती! मी आपली घरभर बोळे कोंबत फिरले, आणि पोर झोपत होती आजीच्या कुजबुजीवर!

"आई," मी म्हटलं, "बोला ना."

"मी कशाला? आता ते स्वतः बोलतात की."

"त्यांचं नका सांगू. तुमचं सांगा. ती सासू काय म्हणतेय?"

आईंनी पडद्याकडे बघितलं. तिथे ती बया दात-ओठ खात उभी होती. आईंनी मग माझ्याकडे बघितलं, माझ्या विस्कटलेल्या केसांकडे, खांद्यावरच्या लाळेकडे. पाळण्याची दोरी हळूच परत हातात घेतली. म्हणाल्या, "ती म्हणतेय... सूनबाई, दमलीस गं. तू बस. मी बघते."

मी बसले. खरंच बसले. टिटवी तिसऱ्या वाक्याला झोपली. बाबांनी डोळे पुसून विचारलं, "आणि तो वकील?" आई म्हणाल्या, "कुठला वकील? बाप आहे तो."

आता कापूस काढलाय. मिक्सर लागतो, बाबा भर हॉलमध्ये शिंकतात, आई कुजबुजत असल्या की टिटवी ढिम्म. पाच स्पीकर मुके, वुफरवर बाबांचा चहा. आई म्हणतात, "एक मात्र खरं हं, या टीव्हीवर ओठ फार स्वच्छ दिसतात." फक्त मालिकेच्या वेळी त्याचा आवाज बंद करावा लागतो, आणि तो हळू बोललेलं ऐकत नाही, आणि आई बोलत असताना घरात ओरडलं की त्या थांबतात, आणि त्या थांबल्या की पोर उठते, म्हणून नवरा रोज संध्याकाळी तो रिमोट घेऊन गॅलरीत जातो, दार लावून घेतो आणि जिवाच्या आकांताने ओरडतो, "आवाज बंद! एकदम बंद!" काल शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं, हात हातात घेतला, आणि म्हणाल्या, "पोरी, रोज इतकं ओरडतो गं तुझ्यावर? आणि तू बिचारी एक शब्द उलटून बोलत नाहीस?"

आता त्यांना काय सांगू? म्हटलं, काकू, घरातलं बटण गेलंय हो.