मी अजून फुफ्फुसात आहे

शाळेतल्या शिस्तीबद्दल माझ्यासमोर बोलू नका, चहा कडू लागतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. सिल्वासातल्या एका मराठी शाळेत सोनवणेबाई नववीला जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांनी मैदानात चुन्याने भलंमोठं हृदय आणि दोन्ही बाजूंना फुफ्फुसं आखली होती. पोरांनी रक्त व्हायचं आणि त्यातून चालत जायचं! एरवी नापास होणारी पोरंही ती वाट विसरत नसत. बाई हंगामी होत्या. एके दिवशी त्यांच्या वर्गाची तपासणी होती, आणि त्यांचं कायम होणं तिच्यावरच अवलंबून होतं. मी बातमीसाठी मागच्या बाकावर बसलो होतो.

तपासणीच्या साहेबांनी जवळच्या किलवणी गावच्या एका मुलीला उभं केलं. "हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त डाव्या बाजूला कसं जातं?"

तिने डोळे मिटले आणि जागच्या जागी पावलं टाकू लागली.

"नाचतेस काय? उत्तर दे!"

"थांबा ना सर, मी अजून फुफ्फुसात आहे."

वर्ग खदखदून हसला, बाईंचा चेहरा उतरला. मुलगी मात्र आणखी दोन पावलं चालली, "पोचले" म्हणाली आणि सगळा मार्ग घडाघडा सांगून मोकळी झाली.

साहेबांनी शेरा मारला: वर्गात शिस्त नाही, बाईंना कायम करू नये.

मी भडकलो. "अहो, उत्तर बरोबर होतं की चूक?"

"बरोबर होतं हो," ते पेनाला टोपण लावत म्हणाले, "पण उभं राहायची काही पद्धत?"

पुढच्या वर्षी नवे सर आले. मी मुद्दाम जाऊन बसलो. पोरं काठीसारखी सरळ उभी राहत होती, आणि उत्तर एकालाही येत नव्हतं.