कुलकर्णीकाकांचं गुलाबी मीठ

मीठ विकून माणूस थकतो, हे तुम्हाला खरं वाटायचं नाही. परवा माझ्या बागबाजारच्या दुकानात बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णीकाका आले, सोबत त्यांची डॉक्टर लेक. काकूंच्या गळ्याला गलगंडाची सूज आलीय, तरी काकांना घरात गुलाबी मीठच हवं.

“बाबा, त्यात आयोडीन घातलेलं नसतं.”

“तुला कॉलेजात पढवलं तेच तू बोलतेस. त्यात किती खनिजं असतात, ठाऊक आहे? मी स्वतः विचार करतो.”

“मोबाईलवर?”

काका माझ्याकडे वळले. “शेठ, तुम्ही तर कॉलेजची पायरीही चढला नाहीत. तुम्हीच सांगा.”

म्हटलं, “काका, गुलाबी मिठात मला नफा जास्त. तरी सांगतो, पांढरं न्या.”

“बघ, यांनाही कंपनीने फितवलं.”

लेकीने सुस्कारा टाकत पांढऱ्या मिठाची पिशवी उचलली. “आजपासून आईचा स्वयंपाक या मिठाचा.”

“आणि माझा?”

“तो तुम्ही स्वतः विचार करून करा.”

काकांनी हातातलं गुलाबी पाकीट परत जागेवर ठेवलं. पटलं म्हणून नव्हे हो. त्यांना साधा चहाही करता येत नाही.