डिझेलच्या टाकीचं झाकण

माझ्या जुन्या फोर-व्हील जीपला खुशाल हसा, पण माझ्या आत्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तिचे उपकार आहेत माझ्यावर.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला जतहून मिरजेला नेत होतो. तिला समोरचा माणूसही धड दिसत नव्हता. दहाच्या आत पोचायचं होतं आणि जीप वाटेत तीनदा बंद पडली. दरवेळी मी टाकीचं झाकण काढून, आत काठी घालून डिझेल बघायचो. डिझेल भरपूर असायचं. झाकण लावून स्टार्टर मारला की गाडी चालू, आणि थोडं पुढं गेलं की पुन्हा बंद. हे दुखणं जुनंच; आमच्या गावच्या मेकॅनिकनं त्यासाठी आधीच फिल्टर बदलला होता, पुढच्या वेळी पंप काढू म्हणाला होता.

तिसऱ्या वेळी मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "झाकण काढलं की फुस्स वाजतंय बघ. लय घट्ट लावतोस व्हय रं?"

मी म्हणालो, "डिझेल सांडतं म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घातलीय."

"मग डिझेल कसं येणार? आमच्यात पाण्याचा टँकर आला की आदी वरचं झाकण उघडत्यात. हवा आत गेल्याबिगर पाणी खाली येत न्हाई."

पिशवी काढून टाकली. त्यानंतर जीप थेट दवाखान्याच्या दारात थांबली, तीही मी ब्रेक मारला म्हणून.

दुसऱ्या दिवशी डोळ्याची पट्टी निघाली. मी जीप दारात आणली आणि आत्याच्या पाया पडलो. तिचं लक्ष जीपकडंच होतं.

"ह्यातनं आलो व्हय रं आपण? आदी दिसलं असतं तर बसलेच नसते!"