मामाचं बंद कपाट

मले तं अजूनई समजलं नाई, यात चुकलं कोण. बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. माहा मामा बोटीवरची नोकरी सोडून वाशीमले आला, तो पेटीभर सिगार घेऊन. आपल्या उन्हात ते वाळून चुरा व्हाले लागले. मंग मामा मले घेऊन जुन्या सामानाच्या दुकानात गेला. तिथं वाईनच्या बाटल्या गार ठेवाचे दोन कपाटं होते, कोन्या बंगल्याच्या लिलावातले.

दुकानवाला शेठ म्हणे, "हे घ्या, चालू आहे."

मामानं दुसऱ्या कपाटाचं दार चारदा लावून पाह्यलं. "मले हेच पाहिजे."

"ते बंद आहे. थंड नाई करत."

"मले थंड कराचंच नाई."

शेठनं माह्याकडं पाह्यलं, मी मामाकडं.

"मंग कायले घेता?"

"दार घट्ट लागते. आत ओलं फडकं अन् सिगार ठेवतो. ओल बाहेर गेली नाई पाहिजे."

शेठ जैन माणूस. बंद माल गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारणं त्याले पटे ना. "उद्या घरी पोचवतो," म्हणे.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर कपाट आलं. शेठनं सोता बटन दाबलं, तं कपाट घुरघुरलं!

"नवी मोटर आत मावे ना," शेठ म्हणे, "म्हणून मागून हे एवढं भोक पाडलं. याचे पैसे नाई घेणार मी!"

मामा त्या भोकाकडं पाहून राह्यला, अन् शेठ मामाकडं, का हा माणूस खूश काहून होत नाई.