विचारून दिलेली गोळी

दवाखान्याचा फलक सांगतो: ‘रक्त पातळ करणारी गोळी रुग्णाची दिनचर्या व पचन विचारूनच निवडली जाते.’ फलकाला कान नसतात, हे त्याचे भाग्य. त्याच्याच खालच्या उघड्या दारातून ऐकू आले:

“आजोबा, संध्याकाळची गोळी चुकवता? गुठळी मेंदूत गेली तर अंथरूण धराल.”

“रिकाम्या पोटी घेतली की आग पडते, डॉक्टर.”

“मग जेवून घ्या.”

“बायको गेल्यापासून एकदाच रांधतो, दुपारी.”

“दिवसातून एकदाच, जेवणाबरोबर घ्यायची दुसरी गोळी होती की. आधी का नाही बोललात?”

“तुम्ही विचारलं नाहीत. कागदावर मात्र ‘विचारून दिली’ असं आहे. कुणाला विचारलंत, शेजाऱ्याला?”

“ते शिक्क्यातच असतं, आजोबा. मी फक्त शिक्का मारतो.”