पाणी मागनं आलं

माझं म्हायेर सांगोल्याकडचं. तिकडं पाण्याचा टँकर आला की आमी पोरी घागरी घिऊन पळायचो, कुणाची येणी कुणाच्या हातात यायची, शिव्या तर इचारूच नका. म्हणून आमच्या अण्णांनी मुद्दाम नदीकाठचं स्थळ काढलं. लोकं पोरगा बघत्यात, अण्णांनी पाणी बघितलं. अशी मी सीनेच्या काठाला आले. आन काय सांगू तुमाला, ती सीना बी निम्मं वरीस कोरडी, वाळूत शेरडं बसायची. मी आमच्या मालकांना म्हणायची, हीच का तुमची नदी, तर ते म्हणायचे, निजलीया ती, उठवू नगं.

गाव उंचावर हाय, जुन्या पांढरीच्या टेकाडावर. खाली एक ओढा सीनेला मिळतो, आन ओढ्याच्या पल्याड आमचं रान, आमची वस्ती. दोन खोल्या आन म्हशीचा गोठा. ओढा म्हंजे काय, लुगडं जरा उचललं की वलांडला. आमच्यात नदीला पाणी आलं की बायका तिची ओटी भरत्यात, खण, नारळ, हळदीकुंकू. सासूबाई होत्या तवा सांगायच्या, म्हायेरवाशीण हाय ती, दारात आली की ओटी भरावी, मग ती माघारी फिरती. आन फिरायची की. घाटाच्या पायऱ्या वलांडून ती वर आलेली मी तरी कधी बघितली न्हवती.

त्या दिवशी आमच्याकडं पाऊस धड न्हवताच, नुसती भुरभुर. पर वर लई पडला होता. सीनेचं असंच हाय, पडायचा तिकडं आन पाणी यायचं आमच्या दारात. सकाळची न्याहारी झाली, आमी साऱ्या बायका घाटावर गेलो. मालकांचा गुडघा धरला होता, म्हणाले तू जा, मी म्हशीला वैरण टाकतो. घाटाला पाणी नुसतं गढूळ, घुसळल्यावानी, आवाज असा की शेजारणीचं बोलणं ऐकू यीना. सगळ्यांची तोंडं नदीकडं, मागं कोण बघतंय? मी कडंला होते, ओढ्याच्या तोंडाशी. नारळ सोडला, तर तो नदीत जाईचना. माझ्याच पायाशी आला, आन मला वलांडून ओढ्यातनं वर निघाला. वर! शेजारची शोभा हसली, म्हणाली काकू, तुमची ओटी न्हाय घेतली बघा नदीनं, खण सस्तातला आणला व्हय? साऱ्या हसल्या, मी बी हसले. आन मग डोक्यात उजेड पडला, आगं नारळ वर चाललाय म्हंजे पाणी वर चाललंय. नदी फुगली, ओढ्याचं पाणी तिनं घेतलंच न्हाय, उलट तीच ओढ्यात शिरली. आमच्या वस्तीच्या अंगाला.

मी पळाले. वलांडायची जागाच न्हवती, सगळं तळं झालेलं. पल्याड मालक गोठ्याच्या पत्र्यावर बसलेले, खाली म्हैस गळ्याइतक्या पाण्यात, आन दावं ह्यांच्या हातात. मी वरडले, सोडा की वो तिला! ते वरडले, गाभण हाय! जसं काय मला म्हाईतच न्हाय.

नाव कुटनं आणायची? माझ्या धाकल्या दिरानं गुऱ्हाळावरची काहील आणली, ती गूळ आटवायची मोठी कढई. पोरांनी ढकलत पाण्यात घातली, दोर बांधला, दीर आत बसला आन फळीनं वल्हवाय लागला, तर काहील जाग्यावरच गरगर फिरती. बरं की ते पाणी तुंबलेलं, त्याला वढ न्हवती, न्हायतर दीर बी गेला असता. पोचला कसाबसा, तर मालकांनी काय म्हणावं, आदी म्हशीचं बघ. दिरानं शिवी दिली, ती मी सांगत न्हाय. त्यानंच दावं कापलं आन ह्यांना कमरेला धरून वढलं. म्हैस पवत पवत लांब गेली. मालक काहिलीत बसून तिला हाका मारत होते, ये ये म्हणून, आन तिनं बी मान वळवून बघितलं वो. अजून गावली न्हाय.

पाणी चढलं तवा गुमान चढलं, पर उतरताना त्यानं वढून नेलं. घराच्या भिंती पडल्या, रानातली काळी माती गेली, खाली नुसता मुरूम उघडा. हितं गावात आमी दिराच्या एका खोलीत हाय. पर मालक रोज वस्तीवर जात्यात, दगुड येचत्यात, इटा रचत्यात. म्हणत्यात परत तितंच बांधतो. मी म्हणते रान करा, घर नगं. तर म्हणत्यात, म्हशीला मग बांधायची कुटं? म्हैसच न्हाय, आन बांधायची कुटं म्हणत्यात. आता ह्याला काय बोलायचं, तुमीच सांगा.

दिवसा जात्यात त्याला मी आडवी येत न्हाय. माणसाला रिकामं बसवलं की ते आतनं कुजतंय. पर वरल्या अंगाला आभाळ आलं की मला घरात बसवत न्हाय. आजबी बघा, त्या तिकडं काळं झालंय. तुमी बसा, चहा ठेवलाय, जाऊबाई देतील. शिकलासा, आमचं नुकसान लिवून घ्याय आलासा, आईबापाचं नाव काढलं, देव तुमचं बरं करो. मी वस्तीवर निघते, ह्यांना आणाय. हाक मारून येणारं माणूस न्हाय ते, हाताला धरून आणावं लागतंय.