घरच्याची सर

बर्लिनमध्ये दातांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर दोन तुर्की बायका बोलत बसल्या होत्या.

“गुल्तेन, त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातली मांती खाल्लीस का गं?”

“खाल्ली की. खिमा भरलेली एकेक पुडी बोराच्या बीएवढी. हॉटेलात इतकं बारीक काम कोण करतं? वर टोकाला उलटी मुरड. तशी मुरड फक्त माझ्या सासूबाई घालतात.”

“पण त्यांचे तर हात दुखतात ना?”

“घरी दुखतात. ईदेपासून पिठाला हात लावलेला नाही.”

“मग तू काय केलंस?”

“काही नाही. वेटरला म्हटलं, आत जाऊन सांग, घरच्याची सर नाही याला.”

“आणि?”

“हातात झारा घेऊनच बाहेर आल्या.”